आई-वडिलांचे केस काळे, मुलाचे तांबडे: केसांचा रंग वारशात नेमका कसा येतो?

प्रश्न असा आहे: आई-वडील दोघांचेही केस काळे, थोरलीचे काळे, धाकट्याचे मात्र स्पष्ट तांबडे. दोन्हीकडच्या घराण्यांत आठवणीत तरी कुणाचे असे केस नाहीत. हे कसं झालं, आणि तिसरं मूल झालं तर त्याचे केस कसे असतील?

आधी सरळ उत्तर. हे शक्य आहे. तांबडा रंग दोन्ही घराण्यांत कित्येक पिढ्या कुणाच्याही डोक्यावर न दिसता पुढे सरकू शकतो. तिसऱ्या मुलाचा अंदाज बांधायचा, तर मात्र धाकट्याचा तांबडेपणा कुठून आला हे आधी ठरवावं लागेल, कारण तांबडे दिसणारे सगळे केस एकाच कारणाने तसे झालेले नसतात. ‘काळा प्रभावी, बाकी सगळे अप्रभावी’ हा शाळेतला तक्ता केसांच्या बाबतीत फक्त एका कोपऱ्यात लागू पडतो. बहुतेक गोंधळ तो सगळीकडे लावल्यामुळे होतो.

केसात रंगद्रव्यं दोनच. युमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी ती तयार करतात आणि वाढणाऱ्या केसाच्या पेशींना पुरवतात. युमेलॅनिन भरपूर असलं तर केस काळा, कमी असलं तर तपकिरी, फारच थोडं असलं तर सोनेरी. फिओमेलॅनिनचं पारडं जड झालं तर तांबडा. दोन्ही नसली तर पांढरा. म्हणजे ‘काळ्या रंगाचं जनुक’ किंवा ‘सोनेरी रंगाचं जनुक’ असं काही मुलाला मिळत नाही. मिळतात त्या रंगद्रव्य किती बनवायचं आणि दोहोंपैकी कोणतं बनवायचं यासंबंधीच्या सूचना, आणि या दोन प्रकारच्या सूचनांचा वारसा वेगवेगळ्या रीतीने चालतो. ‘कोणतं’ हे बरंचसं दिव्याच्या बटणासारखं आहे, ‘किती’ हे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं.

बटण म्हणजे सोळाव्या गुणसूत्रावरचं एमसी१आर हे जनुक. रंगपेशीच्या पृष्ठभागावर बसणारा, ३१७ अमिनो आम्लांचा एक ग्राहक रेणू त्याच्यापासून तयार होतो. संप्रेरक त्याला चिकटलं की पेशीत संदेश जातो, टायरोसिनेज हे विकर जोमाने कामाला लागतं आणि युमेलॅनिन बनतं. ग्राहक बिघडलेला असेल तर संदेश पोचत नाही आणि पेशी मुख्यतः फिओमेलॅनिनच बनवत राहते. लाल केसांच्या माणसांमध्ये या जनुकातले बदल १९९५ मध्ये दाखवले गेले. पुढे त्यात दोन गट पडले. १५१, १६० आणि २९४ या स्थानांवरचे ठरावीक बदल जोरदार, तर ६०, ९२ आणि १६३ या स्थानांवरचे सौम्य. सौम्य बदल एकट्याने क्वचितच केस तांबडे करतात, जोरदार बदलाच्या जोडीला आले तर छटा पालटू शकतात.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत धड असली तरी काम बहुतेक भागतं, म्हणून बदललेली प्रत लपून राहते. शाळेतला तक्ता लागू पडतो तो इथे. आई-वडील दोघांकडे जोरदार बदलाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात दोन्ही बदललेल्या प्रती मुलाकडे जाण्याची शक्यता एक चतुर्थांश, एकच जाण्याची निम्मी, आणि एकही न जाण्याची पुन्हा एक चतुर्थांश. आधी एक मूल तांबड्या केसांचं झालं म्हणून तिसऱ्याची शक्यता घटत नाही आणि वाढतही नाही. ‘चारांत एक’ म्हणजे चार मुलांपैकी एक हमखास, असाही अर्थ नाही. अशा जोडप्याला तीन मुलं झाली तर एकाचेही केस तांबडे नसण्याची शक्यता ६४ पैकी २७, म्हणजे सुमारे ४२ टक्के. लहान कुटुंबांत हा रंग पिढ्यान्‌पिढ्या न दिसण्याचं कारण हेच.

आई-वडिलांपैकी एकाचे केस तांबडे आणि दुसरा वाहक, म्हणजे एक बदललेली प्रत लपून बाळगणारा, असेल तर शक्यता पन्नास टक्के होते. दुसरा वाहक नसेल तर सगळी मुलं वाहक होतात, पण बहुधा एकाचेही केस तांबडे होत नाहीत. दोघांचेही तांबडे असतील तर जवळपास सगळ्या मुलांचे तांबडेच. थोरलीबद्दल पुढे कधी प्रश्न पडेल म्हणून हेही सांगून ठेवतो: दोन्ही पालक वाहक आहेत आणि तिचे स्वतःचे केस काळे आहेत, तर ती वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश. निम्मी नव्हे. चार शक्यतांपैकी ‘दोन्ही प्रती बदललेल्या’ ही तिच्या बाबतीत बादच झालेली आहे; उरलेल्या तिनांपैकी दोहोंत ती वाहक ठरते. इथे भल्याभल्यांचं गणित चुकतं.

आणखी एक बारकावा. मुलाकडे आलेले दोन्ही बदल एकसारखे असायची गरज नाही. वडिलांकडून १५१ स्थानाचा आणि आईकडून १६० स्थानाचा आला, तरी जनुक तेच असल्यामुळे धड प्रत एकही उरत नाही आणि केस तांबडे होऊ शकतात. वाहकांची ओळख कधी कधी बाहेरूनही पटते: डोक्याचे केस तपकिरी पण दाढी तांबूस, चेहऱ्यावर वांगाच्या बारीक ठिपक्यांची गर्दी, उन्हाने त्वचा पटकन लाल होणं. केस गडद काळे असतील तर यातलं काहीच दिसत नाही.

हे बटणही पूर्ण स्वच्छ चालत नाही. ब्रिटनमधल्या सुमारे साडेतीन लाख लोकांच्या माहितीवरचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाल केसांशी एमसी१आरखेरीज इतरही जनुकं जोडलेली आढळली. दोन्ही प्रती बदललेल्या असूनही केस लाल नसलेली माणसं असतात, ती इतर जनुकांमुळे. त्यामुळे वरचे आकडे ‘बदललेल्या दोन प्रती मिळण्याचे’ आहेत. रंग नेमका तसाच दिसेल याचे नाहीत.

आता रेग्युलेटर. काळा, गडद तपकिरी, फिका तपकिरी, सोनेरी ही एकच उतरती रांग आहे, आणि त्याच अभ्यासात या रांगेशी जोडलेले जनुकीय फरक दोनशेहून जास्त निघाले. पंधराव्या गुणसूत्रावरची ओसीए२ आणि एचईआरसी२ ही शेजारची जोडी, एसएलसी४५ए२, आयआरएफ४, टीवायआर, केआयटीएलजी ही त्यातली नेहमीची नावं. बहुतेक फरक जनुकाच्या मजकुरात नसून ते किती जोरात चालवायचं हे ठरवणाऱ्या भागात असतात. युरोपीय सोनेरी केसांशी जोडलेला एक फरक केआयटीएलजी जनुकापासून डीएनएची साडेतीन लाखांहून जास्त अक्षरं लांब बसलेला आहे, आणि केसांच्या मुळात त्याचा परिणाम म्हणजे त्या नियंत्रक भागाची ताकद सुमारे वीस टक्क्यांनी कमी होणं, एवढाच. हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं.

याचा हिशेब कसा चालतो ते छोट्या नमुन्यावर पाहा. खरी जनुकं शेकड्यांनी आणि कमी-अधिक वजनाची आहेत. इथे चारच धरू, सगळी सारख्या वजनाची. चार जनुकांच्या आठ प्रती. गडद प्रतीला एक गुण, फिक्या प्रतीला शून्य. आई-वडील दोघेही मध्यम तपकिरी, चार-चार गुणांचे, आणि प्रत्येक जनुकाची एक प्रत गडद, एक फिकी. त्यांच्या मुलाला शून्यापासून आठपर्यंत कितीही गुण मिळू शकतात. तीन, चार किंवा पाच मिळण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के, म्हणजे बहुतेक मुलं पालकांच्या आसपासच. अगदी फिकं किंवा अगदी गडद टोक मात्र २५६ मध्ये एक-एकदाच. आता दुसरं जोडपं घ्या, तेही चार-चार गुणांचंच. एकाची पहिली दोन जनुकं पूर्ण गडद आणि उरलेली दोन पूर्ण फिकी, दुसऱ्याचं नेमकं उलट. यांच्या प्रत्येक मुलाला चारच गुण मिळणार, फरकाला वावच नाही. दोन्ही जोडपी आरशात सारखीच दिसतात! पालकांच्या केसांकडे पाहून मुलांच्या छटेचा पल्ला सांगता येत नाही तो यामुळे. आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावश्या यांचे केस पाहिले की अंदाज सुधारतो. दोन्ही बाजू पिढ्यान्‌पिढ्या काळ्याभोर असतील तर जवळपास सगळ्या प्रती गडदच असतात आणि मुलं काळ्या केसांचीच होतात. काळ्या आणि सोनेरी केसांच्या जोडप्याची मुलं मात्र बहुधा मधल्या छटेची असतात. काळा इथे पूर्ण प्रभावी नाही.

सोनेरी म्हणजे युरोपीय मिश्रण, हाही एक गैरसमज. सॉलोमन बेटांवरच्या गडद त्वचेच्या लोकांमध्ये दहा टक्क्यांपर्यंत माणसांचे केस सोनेरी असतात. २०१२ मध्ये त्याचं कारण सापडलं: टीवायआरपी१ जनुकातला ९३ व्या स्थानावरचा एकच बदल, अप्रभावी, आणि युरोपातल्या सोनेरी केसांशी त्याचा काही संबंध नाही.

तुमच्या धाकट्याकडे वळू. जिथे जवळपास सगळ्यांचे केस काळे असतात अशा लोकसमूहांत एमसी१आरचे जोरदार बदल फार विरळ असतात, तेव्हा आधी साधी कारणं तपासा. कानामागचा किंवा मानेजवळचा, झाकलेला केस घ्या आणि मुळाजवळचा एक सेंटिमीटर उजेडात बघा. केस महिन्याला साधारण तेवढाच वाढतो. मूळ गडद आणि टोक तांबूस असेल तर तो ऊन, पोहण्याच्या तलावातलं पाणी यांचा परिणाम, जनुकांचा नाही. मुळापासून टोकापर्यंत एकसारखा तांबडा असेल तरच पुढचा विचार. वयही बघा. जन्मताचं जावळ पहिल्या काही महिन्यांत गळतं आणि त्यावरून काहीच ठरत नाही. लहानपणी फिके असलेले केस वयात येईपर्यंत गडद होत जाणं अगदी नेहमीचं आहे. तान्ह्या बाळाचा फोटो दाखवून विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर नसतं ते म्हणूनच.

काही खुणा दिसल्या तर रंगाचं कोडं बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. पूर्वी गडद असलेले केस आता फिके, कोरडे, सहज निघून येणारे झाले असतील आणि वजन वाढत नसेल, तर प्रथिनांची कमतरता असू शकते. केसावर गडद-फिके पट्टे दिसले तर आहार मध्येच खालावून पुन्हा सुधारला असावा. फिके केस आणि सोबत थरथरणारे डोळे किंवा उजेड सहन न होणं, हे वर्णहीनतेकडे बोट दाखवतं. ती अप्रभावी असते, हिशेब वरच्यासारखाच चारांत एक. तिच्या एका प्रकारात गडद त्वचेच्या लोकांचे केस तांबडे दिसतात. कपाळावर पांढरी बट आणि ऐकू कमी येणं अशी जोडी असेल तर श्रवणचाचणी लगेच करावी. चंदेरी झाक आणि वारंवार होणारे जंतुसंसर्ग असतील तर अजिबात थांबू नये.

एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी, कारण अशा प्रश्नांमागे ती बऱ्याचदा दडलेली असते. केसांच्या रंगावरून पितृत्व सिद्ध होत नाही आणि नाकारताही येत नाही. त्यासाठीची डीएनए चाचणी रंगाच्या जनुकांकडे बघतच नाही. ती वेगळ्याच खुणा जुळवते.

खात्री करून घ्यायची असेल तर मुलाच्या एमसी१आरची पूर्ण चाचणी होते. दोनचार ठरावीक स्थानांपुरती तपासणी घेऊ नका, अनोळखी बदल त्यातून निसटतो. अहवाल वाचताना एक खोच लक्षात ठेवा. त्यात दोन जोरदार बदल लिहिलेले असले, तरी ते दोन वेगवेगळ्या प्रतींवर आहेत की एकाच प्रतीवर, हे साध्या अहवालातून कळेलच असं नाही. एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत धड आहे, मूल फक्त वाहक आहे आणि तांबडेपणाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. हे सोडवायला आई-वडिलांचीही तपासणी लागते: एक बदल आईत आणि दुसरा वडिलांत सापडला तर प्रश्न मिटला, आणि मग तिसऱ्या मुलासाठी वरचा चारांत एकचा हिशेब धरता येतो.