गोल्डविंगच्या मागच्या चाकाला कारचा टायर: काय बसतं, कसं बसतं आणि कुठे बिघडतं

प्रश्न असा आहे: अमेरिकेत २०१० ची होंडा गोल्डविंग (जीएल १८००) ही मोटारसायकल आहे, बहुतेक वेळा दोघं आणि सामान घेऊन लांबचा हायवे प्रवास होतो, मागचा टायर आठ-नऊ हजार मैलांत मधोमध सपाट होतो. ग्रुपमधले लोक म्हणतात कारचा टायर टाक. टाकावा का, आणि टाकायचा तर कसा?

आधी एक तपासा. मागच्या टायरची हवा थंड असताना ४१ पीएसआय आणि पुढच्याची ३६ असायला हवी, आणि ती स्वतःच्या गेजने मोजलेली हवी. दोघं बसून, पेट्या भरून ३४-३५ वर गाडी चालवली की टायर तापतो आणि लवकर झिजतो. पुष्कळांचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. हवा बरोबर असूनही टायर झिजत असेल तर पुढचं वाचा.

गोल्डविंग बनवणारे, टायर बनवणारे आणि बहुतेक टायर दुकानं या तिघांचंही उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते उगाच नाही. तरी अमेरिकेत हजारो मैल असे टायर चालवणारे बरेच आहेत, त्यांच्या भाषेत ही ‘डार्कसाइड’. माझं मत सांगतो: सरळ हायवेवर जड सामान घेऊन जाणाऱ्याला याचा फायदा दिसतो. डोंगरातल्या वळणांसाठी ज्याने गाडी घेतली आहे त्याने या वाटेला जाऊ नये. पुढच्या चाकाला तर कोणीही, कधीही कारचा टायर लावू नये.

शाफ्टवाल्या गाड्यांमध्येच (जिथे इंजिनची ताकद चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागच्या चाकाला जाते) हे का चालतं याला कारण आहे. चेनच्या गाडीत रुंद टायर चेनला घासतो. गोल्डविंगमध्ये शाफ्ट स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हाताच्या, आत असतो, मागचं चाक १६ इंची आहे, आणि १६ इंचात कारचे टायर हवे तेवढे मिळतात. होंडा व्हल्कीरी, ट्रायम्फ रॉकेट थ्री यांच्या बाबतीतही साधारण हेच गणित. ही सगळी मागच्या टायरवर भरपूर वजन टाकणारी यंत्रं आहेत.

माप. मूळ मागचा टायर १८०/६० आर १६ ७४ एच. त्याची उंची काढा: १८० मिमी रुंदीचे ६० टक्के म्हणजे १०८ मिमी, दोन बाजूंचे २१६, त्यात १६ इंच म्हणजे ४०६.४ मिळवले की ६२२.४ मिमी. कारच्या १९५/५५ आर १६ चं हेच गणित ६२०.९ मिमी येतं. दीड मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये तो दिसणारही नाही. म्हणून जीएल १८०० वाले हेच माप घेतात. २०५/५५ आर १६ ची उंची ६३१.९ येते, रुंदीही वाढते आणि स्विंगआर्मच्या आतल्या बाजूला जागा फार कमी उरते, ते नको. ७४ या आकड्याचा अर्थ टायर ३७५ किलो वजन पेलतो आणि कारच्या टायरवरच्या ८७ चा अर्थ ५४५ किलो. हे आकडे बघून लोकांना वाटतं कारचा टायर आपोआप जास्त सुरक्षित. तसं नाही. तो ५४५ चा आकडा टायर सरळ उभा राहून फिरेल असं धरून आहे, बाजूला कलून फिरेल असं धरून नाही.

आता खरी अडचण: रिम. गोल्डविंगचं मागचं रिम ५ इंच रुंद आहे. १९५/५५ आर १६ साठी मान्य रुंदी साडेपाच ते सात इंच. म्हणजे तुम्ही टायर त्याच्या किमान मापापेक्षा अर्धा इंच अरुंद रिमवर बसवताय. शिवाय मोटारसायकलच्या रिमची बीड बसण्याची जागा आणि तिची कड कारच्या रिमपेक्षा वेगळ्या मानकाने केलेली असते. बीड म्हणजे टायरची आतली तारवाली कडा. हवा भरल्यावर तीच रिमवर घट्ट बसून टायर धरून ठेवते. ती नीट बसली नाही, किंवा बसून नंतर सरकली, तर हवा जाते आणि चालत्या गाडीचं मागचं चाक हातातून सुटतं. या उद्योगातला सगळ्यात मोठा धोका हाच, वळणातली पकड त्यानंतर येते.

म्हणूनच रनफ्लॅट टायर घ्या. त्याची बाजूची भिंत जाड आणि ताठ असते, गाडी कलली की ती दुमडत नाही, आणि पंक्चर झालं तरी टायर सहसा रिमवरून लगेच निसटत नाही. उलट्या-सुलट्या बाजूंना वेगळी नक्षी असलेला टायर टाळा, दोन्ही बाजू सारख्या असतील असा घ्या. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो चाकाच्या दिशेने लावा.

काम करण्याची पद्धत. मागचं चाक सिंगल साइड स्विंगआर्मवर पाच नटांनी धरलेलं असतं. गाडी उचलण्याआधी नट थोडे सैल करा, नंतर उचला. लिफ्ट असेल तर काम बरंच सोपं होतं. चाक काढल्यावर हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्हचा कोअर (आतली बारीक पिन) काढा. टायर प्रेशर सेन्सर असलेली गाडी असेल तर सेन्सर व्हॉल्व्हलाच जोडलेला, रिमच्या आत असतो, तिथे बीड रिमपासून सुटी करायची पट्टी लावू नका, सेन्सर फुटतो. रबरी व्हॉल्व्ह असेल तर याच वेळी धातूचा ९० अंशांचा व्हॉल्व्ह लावून घ्या, खर्च फार नाही आणि हवा मारताना गेज सरळ बसतं.

जुना टायर निघाल्यावर रिमची बीड बसण्याची जागा नीट बघा. तिथे जुन्या रबराचा काळा थर आणि अॅल्युमिनियमची पांढरी पावडर साठलेली असते. हिरव्या नायलॉन स्क्रबरने ती बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासा. सॅंडपेपर नको, खोल ओरखडे पडतात. मग फक्त टायर बसवायची पेस्ट लावा, रिमला आणि टायरच्या दोन्ही बीडला भरपूर. ग्रीस, इंजिन ऑइल, डब्ल्यूडी-४० काही नाही. तेल राहिलं की टायर रिमवर फिरतो, आणि त्याचं काय होतं ते पुढे येतंच.

रनफ्लॅट हाताच्या पट्ट्यांनी चढवायला जाऊ नका. ताठ असतो, हट्टाने चढवला तर रिम आणि बीड दोन्ही खराब होतात. उन्हात तासभर ठेवून मऊ केलेला टायर, बाहेरून पकडणारं प्लास्टिक जबड्यांचं मशीन, आणि बीडची एक बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरणारा दुसरा माणूस, असं सगळं जुळलं तरच तो शांतपणे बसतो.

हवा मारताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. लांब नळीचं, व्हॉल्व्हवर अडकून राहणारं चक (हवेच्या नळीचं तोंड) वापरा, चाक सुरक्षेच्या पिंजऱ्यात किंवा मशीनवर घट्ट पकडून ठेवा, आणि स्वतः बाजूला उभे राहा, वर वाकून बघू नका. दोन वेळा ‘टक’ असा मोठा आवाज आला म्हणजे दोन्ही बीड बसले. ४० वरही बसले नाहीत तर हवा सोडा, पेस्ट परत लावा, टायर फिरवून पुन्हा प्रयत्न करा. ६०-७० मारून बसवणारे आहेत. बीडची तार तुटली तर टायर स्फोटासारखा उडतो, आणि यात माणसं जखमी झाली आहेत आणि मेलीही आहेत. तीन प्रयत्नांत बसला नाही तर तो टायर परत करा.

बसल्यावर रिमच्या कडेला लागून टायरच्या अंगावर एक बारीक उंचावलेली रेघ असते. ती कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, दोन्ही बाजूंनी फिरवून बघा. एका जागी ती आत गेलेली दिसली तर तिथे बीड बसलेला नाही. मग साबणाचं पाणी मारून गळती बघा, चाक रात्रभर तसंच ठेवा, सकाळी हवा मोजा. नंतर बॅलन्सिंग, चिकट वजनं लावून.

चाक परत लावताना नट आधी हाताने, मग ताऱ्याच्या क्रमाने समोरासमोर, शेवटी टॉर्क रेंचने १०८ न्यूटन मीटर. जीएल १८०० मध्ये चाक काढलं म्हणून शाफ्टचे दात उघडे पडत नाहीत, पण जुन्या जीएल १५०० मध्ये पडतात. तिथे ६० टक्के मोलिब्डेनमची पेस्ट लावल्याशिवाय चाक बसवू नये, नाहीतर दात झिजून शाफ्टचा खर्च पडतो. याच वेळी फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकापाशी असलेल्या गिअरच्या डब्याचं) तेलही बदलून घ्या, १२० मिली हायपॉइड गिअर ऑइल लागतं.

आता जागा तपासा. चाक हाताने फिरवून स्विंगआर्म, मडगार्ड, ब्रेकची नळी यांच्यापासून किती जागा आहे ते बघा, पाच मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो टायर नको. टायर वेगात फुगतो, आणि दोघं बसले की सस्पेन्शन खाली येतं. त्यामुळे दोघं आणि सामान धरून एकदा परत बघा. घासलेली चमकदार रेषा दिसली की थांबायचं.

आणखी एक काम, जे बहुतेक जण विसरतात. पांढऱ्या मार्करने रिमच्या कडेवर आणि लगेच शेजारी टायरवर अशी एक सरळ रेघ मारा. १०० मैलांनी आणि ५०० मैलांनी बघा. रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले असतील तर टायर रिमवर फिरतोय, बॅलन्स गेलाय आणि बीड सैल आहे. तो टायर काढून टाकावा, आणखी चालवून बघू म्हणू नये. नटही १०० मैलांनी पुन्हा तपासा.

हवेचं प्रमाण. कारच्या टायरला ३६ पीएसआयने सुरू करा (आधीचा ४१ चा आकडा मूळ टायरचा होता), मग दोन-दोन कमी करत बघा, पण ३० च्या खाली नाही. जास्त हवा असेल तर वळणात टायर एका खांद्याच्या (कडेच्या कोपऱ्याच्या) धारेवर उभा राहतो आणि गाडी नाचते. कमी असेल तर बाजूची भिंत फार वाकते, टायर तापतो आणि बीडवर ताण येतो. दोघं आणि सामान असेल तेव्हा वरच्या टोकाला राहा.

चालवताना काय जाणवेल? मोटारसायकलचा टायर गोल असतो, कलला की रस्त्याला टेकणारी जागा हळूहळू बाजूला सरकते. कारचा सपाट टायर कलला की टेकणारी जागा एकदम आतल्या खांद्यावर जाते आणि तिथून गाडीला उभं करायला बघते. त्यामुळे वळणात हँडल सतत थोडं दाबून धरावं लागतं. सोडलं की गाडी सरळ व्हायला लागते. रस्ता एका बाजूला उतरता असेल, लेनमध्ये टायरच्या खाचा असतील, किंवा पार्किंगच्या उंचवट्यावर तिरपं जायचं असेल, तर मागचं चाक त्या उताराच्या मागे जातं. पहिल्याच दिवशी हायवेवर जाऊ नका. रिकाम्या मैदानात आठचे आकडे आणि हळू वर्तुळं काढून हाताला ही सवय लावून घ्या, मग रस्त्यावर. सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी स्थिर वाटते हे खरं, पण भर पावसात साचलेल्या पाण्यावर गोल टायर पाणी बाजूला सारतो आणि सपाट टायर त्याच्यावर तरंगायला लागतो, म्हणून पावसात वेग कमी ठेवा.

विम्याचा कागद वाचा. उत्पादकाच्या मापाविरुद्ध बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला तर दावा अडू शकतो. आणि रनफ्लॅट लावल्यावर हवा गेलेली हँडलमध्ये उशिरा कळते, कारण टायर दिसायला ठीकच राहतो. म्हणून टायर प्रेशरचा सेन्सर चालू हवा, नसेल तर दर सकाळी निघण्याआधी थंड टायरवर गेज लावा.