खोलीच्या भिंतींना फोम लावला तर ड्रम आणि गाण्याचा आवाज शेजाऱ्यांकडे जायचा थांबेल का?

नाही थांबणार. फोम भिंतीवरून परतणारा आवाज शोषतो, भिंतीपलीकडे जाणारा अडवत नाही. जाहिरातींत ही दोन्ही कामं सर्रास एकत्र केलेली दिसतात.

अडवायला लागतं वजन आणि हवाबंदपणा. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर हिशोबाने जेमतेम ६ डेसिबलचा फरक पडतो, म्हणून आधी दार-खिडकी बघा. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी फट उरली, तरी बाकी भिंत कितीही भक्कम असो, एकूण घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही. भरीव दार, चौकटीला रबरी पट्टी, दाराखालची फट बंद, इथपासून सुरुवात करा. ड्रमचे हादरे मात्र जमिनीतून जातात. त्यासाठी रबरावर उचललेला प्लॅटफॉर्म हवा, आणि त्यानेही ते पूर्ण थांबत नाहीत. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सरळ इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्या.

रेकॉर्डिंग चांगलं यावं हा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथेही पातळ फोम फक्त वरचे स्वर मारतो, बास तसाच घुमत राहतो. १०० हर्ट्झच्या, म्हणजे बासच्या स्वराची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. तिला दोन इंची फोम काय करणार? कोपऱ्यांत १०-१५ सेंमी जाडीचे, कापडात नीट गुंडाळलेले रॉकवूलचे (दगडापासून बनवलेल्या तंतूंच्या लोकरीचे) पॅनेल उभे करा. मग बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्या. बसल्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज परतून तुमच्याकडे येतो; तिथे एक पॅनेल.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायचे? विसरा.