कोरी गाडी की वर्षभर चाललेली?

प्रश्न : नवी पेट्रोल गाडी ऑनरोड साडेआठ लाखांना पडतेय. तीच, चौदा महिने चाललेली, सांगलीत साडेसहाला मिळतेय. यजमान नवीच घ्या म्हणतात. शाळेत रोज २२ किलोमीटर जाऊन-येऊन. काय करू?
– एक शिक्षिका, तासगाव

उत्तर : ताई, मी तुमच्या जागी असतो तर वापरलेली घेतली असती. साडेआठात रोड टॅक्सही आहे. वापरलेल्या गाडीचा तो पहिल्या मालकाने भरलेला असतो, गाडी राज्यातलीच असेल तर तुम्हाला पुन्हा भरावा लागत नाही.

पण एक सांगतोच. २०१९ च्या महापुरानंतर मी एक गाडी घेतली. बाहेरून आरशासारखी! चार महिन्यांत वायरिंग एकेक करून जळायला लागलं. मागचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला वाळलेल्या गाळाची काळसर रेघ. विकणाऱ्याने सगळं धुतलं होतं, ते टोक मात्र राहिलं होतं. म्हणून तुम्ही चारही बेल्ट ओढून बघा, स्टेपनी उचलून खालचा पत्रा हाताने चाचपा. टायरवरचे चार आकडेही वाचा : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एकच टायर वेगळ्या वर्षाचा असला, तर का बदलला ते विचारा.

आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही तुमच्या नावावर करायला अर्ज द्या.

आणि यजमानांना गाडी बघायला सोबत न्याच.