सर्दी गेली, पण छाती अजून जडच

प्रश्न: मला दम्याचा त्रास आहे. तीन आठवड्यांपूर्वी सर्दी-ताप झाला, तो बरा झाला पण छाती अजून आवळल्यासारखी वाटते, रात्री खोकला येतो. इन्फेक्शन अजून आहे का?

उत्तर: बहुतेक वेळा इन्फेक्शन गेलेलं असतं, पण श्वासनलिकांची सूज मागे राहते आणि दमा असला की त्या आधीच हळव्या, मग थंड हवा, धूर, जोरात हसणं एवढ्यानेही आवळतात, हे ३ ते ८ आठवडे चालू शकतं. बरगडीवर बोटाने दाबल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल तर खोकून खोकून स्नायू दुखावलेत असं असू शकतं. रोजचा स्टेरॉइडचा पंप (इन्हेलर) मात्र बरं वाटलं म्हणून बंद करू नका प्लीज, सूज तोच उतरवतो, निळा पंप, म्हणजे त्रास झाला की ओढायचा तो, फक्त तेवढ्यापुरता आराम देतो आणि तो आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल किंवा रात्री जाग येत असेल, तुम्हाला येतेच आहे बहुतेक, तर डॉक्टरांना दाखवाच. अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. पंपाने आराम पडत नाही, धाप लागून वाक्य पुरं होत नाही, ओठ निळे पडले, किंवा दुखणं हाताकडे-जबड्याकडे जातंय, घाम फुटतोय, तर लगेच हॉस्पिटल गाठा.