एकदा मलेरिया झाला, तरी पुन्हा का?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला फाल्सिपेरम मलेरिया झाला. लहानपणीही एकदा झाला होता. कांजिण्या सहसा दुसऱ्यांदा होत नाहीत, मग मलेरिया का? एका पेशीचा जंतू शरीराला चकवतो कसा? भावजयीला तिसरा महिना आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय.
— एक वाचक भगिनी, कुडचडे

उत्तर : ताई, मी ३२ वर्षं आरोग्य केंद्रात रक्ताच्या काचा तपासल्या. जून लागला की बांधकामांवरच्या कामगारांच्या काचांचा ढीग पडायचा. फाल्सिपेरमच्या काचेत नाजूक अंगठ्या दिसतात, कधी केळ्याच्या आकाराचे जंतू. मधल्या वयाचे, भरलेले जंतू जवळजवळ दिसतच नाहीत. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात सगळ्या वयाचे दिसतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपलाच रंग नीट चढला नाही. पण ते जंतू बोटाच्या रक्तात नसतातच. ते आतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, म्हणजे खराब पेशी गाळून काढणाऱ्या पानथरीत (प्लीहेत) जाऊन मरायला नको.

चिकटण्यासाठी जंतू एक प्रथिन तांबड्या पेशीच्या अंगावर आणतो. आपलं शरीर ते ओळखून त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार करतं. खरी गंमत पुढे आहे. जंतूच्या १४ गुणसूत्रांवर सुमारे ५,३०० जनुकं आहेत, आणि त्यांतली साधारण ६० या एकाच कामाची. त्यांना 'व्हार' जनुकं म्हणतात; प्रत्येकाचं प्रथिन वेगळ्या रूपाचं. एका जंतूत एका वेळी त्यांतलं एकच चालतं. बाकीची केंद्रकाच्या कडेला घट्ट गुंडाळलेली असतात. ट्रंकेच्या तळाशी दाबून ठेवलेलं लुगडं असतं ना, घरात आहे पण नेसता येत नाही, तसं. जंतू दर ४८ तासांनी वाढून फुटतो, तरी कोणतं जनुक उघडं होतं ही खूण बहुतेक पिल्लांकडे तशीच जाते. जनुकाचं एक अक्षरही बदललेलं नसतं.

थोड्या पिल्लांत मात्र दुसरंच जनुक उघडतं. जंतू ठरवून करत नाही हो. प्रतिपिंडं जुन्या रूपाचे जंतू मारतात आणि हे मोजके उरतात, वाढतात. पुन्हा ताप चढतो. शिवाय बहुतेक 'व्हार' जनुकं गुणसूत्रांच्या टोकांजवळ असतात आणि तिथे तुकड्यांची अदलाबदल होत राहते. त्यामुळे भावाला लहानपणी झालेल्या जंतूची ६० वेगळी, आत्ताच्याची वेगळी.

आता भावजयीचं. यांतलं एक जनुक गर्भाच्या वारेला चिकटणारं प्रथिन बनवतं. जिथे मलेरिया कायमचा असतो, तिथे लहानपणापासून ताप पचवलेल्या बाईलाही पहिल्या गरोदरपणात तो जड जातो, कारण या रूपाशी तिच्या शरीराची ओळखच नसते. आपल्याकडे मलेरिया कमी झालाय, त्यामुळे तेवढी जुनी ताकदही कुणाच्या अंगात नाही. तिला ताप आला, साधा वाटला तरी, त्याच दिवशी जवळच्या केंद्रात रक्त तपासून घ्या. मनाने गोळ्या देऊ नका, आणि ती गरोदर आहे हे आधी सांगा. प्रायमाक्विन हे मलेरियावरचं औषध गरोदर बाईला देत नाहीत.