नवीन प्लगइन घेण्याआधी चरणजित सिंग ऐक

गाणी बनवायला तू घेणार आहेस त्या प्लगइनची (संगणकातल्या संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं नि इफेक्ट) यादी पाहिली. बाबा रे, सध्या काहीही विकत घेऊ नकोस. आधी चरणजित सिंग ऐक.

हा माणूस मुंबईत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचा. १९८२ साली त्यानं दहा रागांना डिस्कोचा ठेका लावून एक एलपी काढली. यंत्रं मोजून तीन, सगळी रोलँडची: टीबी-३०३ (बेसचा सिंथेसायझर), टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (कीबोर्ड सिंथेसायझर). तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. शिकागोत ३०३ वर ॲसिड हाऊस हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार घडला तो त्यानंतर काही वर्षांनी. २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा निघाली आणि जग चाट पडलं. त्यानंतर म्हातारपणी तो परदेशात मंचावर वाजवायलाही गेला. २०१५ मध्ये वारला.

आता कामाचं. ३०३ मध्ये सोळा घरांचा (एका घरात एक स्वर) पुन्हा पुन्हा वाजणारा पॅटर्न असतो आणि प्रत्येक स्वराला स्लाइड लावता येते. भैरव राग घे. कोमल रे वरून सा वर येताना स्लाइड लाव, म्हणजे स्वर तुटत नाही, घरंगळत येतो. मींडेची सर येत नाही म्हणा, पण जवळपास जातं. मग कटऑफ (फिल्टरची कळ, उघडली की आवाज उजळतो) अगदी हळू उघड. मी सुरुवातीला रेझोनन्सची कळ (आवाज टोकदार करणारी) पूर्ण पिळायचो, शेजारच्या काकू दार वाजवायच्या!

आणि बॅकअप दोन ठिकाणी ठेव. माझी वर्षभराची गाणी एका हार्डडिस्कबरोबर गेली. तो भैरवचा पॅटर्न झाला की पाठव, ऐकतो.