पाहुणे आलेच नाहीत, मग ॲडव्हान्स कुणाचा?

प्रश्न : दापोलीजवळ आमचा होमस्टे आहे. शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्रींसाठी दोन खोल्यांचं बुकिंग होतं. खोलीचं रोजचं भाडं 2,500 रुपये, एकूण 10,000, ॲडव्हान्स 5,000. बुधवारी संध्याकाळी पाहुण्यांनी रद्द केलं. एक खोली दोन्ही रात्री त्याच दराने दुसऱ्यांना गेली. ‘ॲडव्हान्स परत मिळत नाही’ हे फोनवर सांगितलं होतं, ते म्हणतात सांगितलंच नाही. किती परत करावे?

उत्तर : 2,500 परत करा. प्रत्येक खोलीचा हिशेब वेगळा मांडा. जी खोली पुन्हा गेली, तिच्यात तुमचं काहीच बुडालं नाही. तिचा ॲडव्हान्स पाहुण्यांचा. एकाच खोलीचं भाडं दोघांकडून घेणं बरोबर नाही. ती 2,000 ने गेली असती, तर दोन रात्रींचे 1,000 कापता आले असते. रिकाम्या खोलीचे 5,000 बुडाले. त्यातून नाश्ता, चादरी-टॉवेलची धुलाई, गिझर-एसीची वीज हा वाचलेला खर्च वजा करा. रोजचे 400 धरले तरी नुकसान 4,200 होतं, म्हणून तिचे 2,500 ठेवणं वाजवी. जेवणाचं सामान मात्र नुकसानीत धरू नका. बुधवारी कळल्यावर शुक्रवारची सुरमई कुणी आणून ठेवलेली नसते.

भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 74 हेच सांगतं : करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. नुकसानच नसेल तर या कलमाखाली भरपाईही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

खरा घोळ फोनवरच्या बोलण्याने झाला. यापुढे आधी नियम व्हॉट्सॲपवर पाठवा, ‘मान्य’ असं उत्तर येऊ द्या, मगच क्यूआर कोड. ‘48 तास आधी’ असं लिहू नका. तुम्ही दुपारच्या चेक-इनपासून मोजता, पाहुणे रात्री बारापासून. सरळ तारीख-वेळ द्या :

‘चेक-इन शुक्रवार, 26 डिसेंबर, दुपारी 1. शुक्रवार 19 डिसेंबर, रात्री 8 पर्यंत रद्द केल्यास ॲडव्हान्स पूर्ण परत. मंगळवार 23 डिसेंबर, रात्री 8 पर्यंत निम्मा. त्यानंतर परत नाही. खोली पुन्हा भरली तर तिचा ॲडव्हान्स परत, दर कमी मिळाल्यास तेवढा फरक कापून. पैसे 3 दिवसांत, ज्या खात्यातून आले त्यावरच.’

खोली भरली की त्याच दिवशी कळवा. पाहुण्यांना तुमची नोंदवही दिसत नाही. संशय तिथेच सुरू होतो.

प्रश्न : नाताळाच्या चार दिवस आधी यजमानाने ‘नळाचं काम निघालं’ म्हणून आमचं बुकिंग रद्द केलं. तीच खोली त्याच तारखांना चढ्या दराने दिसते आहे. काय करावं?

उत्तर : आधी तारीख आणि दर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. यजमानाकडे पूर्ण रक्कम लेखी मागा. दुसरी खोली महाग पडली असेल तर तो फरकही मागा, पावतीसह. बुकिंग एअरबीएनबीवरचं असेल तर तिथे तक्रार नोंदवा : सबळ कारण नसताना यजमानाने 30 दिवसांच्या आत रद्द केल्यास बुकिंगच्या 25 टक्के, 48 तासांच्या आत 50 टक्के दंड त्याला बसतो. थेट बुकिंग असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.